दहा वर्षांचे उद्दिष्ट : ठरवावे कसे आणि टिकवावे कसे?



गुढीपाडवा किंवा अक्षय्य तृतीया आली की घरोघर काहीतरी ठरते. ‘यंदा सगळ्या उसाला ठिबक करायचे’, ‘आता पाचट जाळायचे नाही’, ‘या वर्षापासून शेतीचा हिशेब लिहायचा’. पोळ्यापर्यंत यातील किती शिल्लक राहते, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. असे ठरलेले मोडले की आपण स्वतःला किंवा मुलांना आळशी म्हणतो. परंतु पहाटे उठून दारे धरणारा माणूस आळशी नसतो. बहुतेक वेळा ठरविलेल्या गोष्टीची मांडणीच कच्ची असते.

बियाणे, खते, औषधे यांच्या शिफारशी आपल्याला वेळोवेळी मिळतात. पण जमीन सुधारणे, फळबाग उभी करणे, कर्जातून बाहेर पडणे, पाण्याचा वापर निम्म्यावर आणणे ही कामे एका हंगामात होत नाहीत. त्यांना पाच ते दहा वर्षे लागतात. एवढा काळ एकच गोष्ट धरून कशी ठेवावी, हे कोपरगाव परिसरातील चोपण जमिनीचे उदाहरण घेऊन येथे पाहू. ज्यांची जमीन चोपण नाही त्यांनाही ही रीत आपल्या उद्दिष्टासाठी वापरता येईल.

इच्छा आणि उद्दिष्ट

‘एकरी शंभर टन ऊस काढायचा’ ही इच्छा आहे. ती वाईट नाही, पण तिच्यातील बऱ्याच गोष्टी आपल्या हातात नाहीत. पाऊस, कालव्याची आवर्तने, तोडणीची तारीख आणि वीज यांपैकी एक जरी फिरली तरी शंभर टन हुकतात. दोन वर्षे हुकले की माणूस ते बोलणेच सोडून देतो.

‘गावालगतच्या दोन एकर चोपण तुकड्यात दरवर्षी ढैंचा गाडीन, चर मोकळे ठेवीन आणि दहा वर्षांत तेथे हरभरा पिकेल अशी जमीन करीन’ हे उद्दिष्ट आहे. यात जागा, काम, मुदत आणि ओळखण्याची खूण ठरलेली आहे. शिवाय यातील बहुतेक काम आपल्याच हातून होणारे आहे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये हाच मुद्दा मांडला. ‘होईल तेवढे चांगले करा’ असे सांगितलेल्या माणसापेक्षा नेमके आणि थोडे अवघड लक्ष्य दिलेला माणूस अधिक काम करतो, असे त्यांचे म्हणणे होते. मापाशिवाय काम सांगितले तर गडीसुद्धा किती खुरपावे हे आपल्या मनाने ठरवितो. मग आपलेच मन त्याला अपवाद कसे असेल?

कोपरगावच्या जमिनीची गोष्ट

अहिल्यानगर जिल्ह्याचा हा भाग मुळात अवर्षणप्रवण. नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वर येथे गोदावरीवर बंधारा झाला, १९१६ मध्ये दारणा धरण पूर्ण झाले आणि गोदावरीच्या डाव्या व उजव्या कालव्यांनी या काळ्या जमिनींना पाणी मिळू लागले. ऊस आला, साखर कारखाने आले, गावे सावरली.

पण भारी काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. वर्षानुवर्षे मोकाट पाणी दिल्याने सखल भागांत पाण्याची पातळी वर आली. उन्हाळ्यात पाणी वाफेने उडून जाते आणि त्यातील क्षार वरच्या थरात राहतात. अशा जमिनींचे मुख्य प्रकार असे ओळखावेत.

१) खारवट जमीन : पृष्ठभागावर पांढरा थर फुटतो. विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त, सामू ८.५ पेक्षा कमी.

२) चोपण जमीन : सामू ८.५ पेक्षा जास्त, विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांपेक्षा जास्त. ओली असता चिकट, वाळली की दगडासारखी टणक. पाणी वर साचून राहते आणि वाफसा लवकर येत नाही.

३) खारवट-चोपण जमीन : विद्युत वाहकता ४ च्या वर आणि विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांच्या वर, म्हणजे दोन्ही दोष एकत्र.

या जमिनी एका वर्षात बिघडल्या नाहीत, तेव्हा एका वर्षात सुधारणारही नाहीत. येथेच उद्दिष्टाची कसोटी लागते. एखादा शेतकरी उमेदीने जिप्सम टाकतो, पहिल्या वर्षी खर्च करतो, दुसऱ्या वर्षी थोडा फरक दिसतो आणि तिसऱ्या वर्षी चर बुजू देतो. चर बुजले की धुऊन खाली गेलेले क्षार पुन्हा वर येतात आणि आधीच्या दोन वर्षांचा पैसाही मातीत जातो. अर्धवट सोडलेली जमीन सुधारणा ही न केलेल्या सुधारणेपेक्षा महाग पडते.

उद्दिष्टाचे टप्पे पाडावेत

पंढरीची वारी करणारा माणूस पहिल्या दिवशी पंढरपूरचे अंतर मोजत बसत नाही. त्याचे मुक्काम ठरलेले असतात. आजचा मुक्काम गाठला की आजचे काम झाले. दहा वर्षांच्या उद्दिष्टाचेही असेच मुक्काम करावेत. दोन एकर चोपण जमिनीसाठी उदाहरणादाखल पुढील टप्पे देत आहोत.

पहिला टप्पा (पहिले वर्ष) – माहिती आणि निचरा : उन्हाळ्यात पीक निघाल्यावर मातीचे नमुने घ्यावेत. वरच्या थराबरोबर एक ते दोन फूट खोलीचाही वेगळा नमुना घ्यावा. बांध, शेणखताच्या ढिगाची जागा आणि झाडाखालची जागा टाळावी. विहिरीच्या पाण्याचीही तपासणी करून घ्यावी. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ किंवा बाभळेश्वरचे कृषी विज्ञान केंद्र येथील तज्ज्ञांकडून अहवाल समजावून घ्यावा. त्याच वर्षी शेताच्या उताराप्रमाणे निचऱ्याचे चर काढावेत. पाणी बाहेर जाण्याची वाट केल्याशिवाय जिप्समवर एक रुपयाही घालू नये.

दुसरा टप्पा (२ ते ४ वर्षे) – सुधारणा : माती परीक्षणातून निघालेल्या गरजेप्रमाणे जिप्सम वरच्या थरात चांगले मिसळावे. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जाऊन चरातून बाहेर पडतो. पूर्ण मात्रा एकदम परवडत नसेल तर ती दोन-तीन वर्षांत विभागून द्यावी. पावसाळ्याच्या तोंडावर ढैंचा पेरून ४५ ते ५० दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुमारास तो गाडावा.

तिसरा टप्पा (५ ते ७ वर्षे) – सहनशील पिके : कापूस, गहू अशी तुलनेने क्षार सोसणारी पिके घ्यावीत. ऊस घ्यायचाच असेल तर अशा जमिनीत तग धरणारा फुले २६५ हा वाण निवडावा. खोडव्यातील पाचट जाळू नये. एक टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक वापरून ते सरीतच कुजवावे.

चौथा टप्पा (८ ते १० वर्षे) – राखण : आता सामू, वाहकता आणि सेंद्रिय कर्ब यांचे आकडे पहिल्या अहवालाशेजारी ठेवून पाहावेत. हरभरा, मूग, कांदा ही क्षारांना नाजूक पिके आहेत. त्यांतील एक आधी पाच-दहा गुंठ्यांत घेऊन पाहावे. ते साधले की उद्दिष्ट गाठले असे समजावे. चर आणि हिरवळीचे खत मात्र त्यानंतरही चालूच ठेवावे.

ठरलेले मोडते कोठे?

आपल्याकडे संकल्प साधारण तीन ठिकाणी मोडतो. ही ठिकाणे आधी माहीत असली तर तेथे सावध राहता येते.

पहिले ठिकाण तिसरे वर्ष. नवलाई संपलेली असते आणि फळ अजून दिसत नसते. शेजारी विचारतो, ‘काय, पडला का फरक?’ उत्तर देता येत नाही.

दुसरे ठिकाण वाईट वर्ष. पाऊस कमी झाला की २००५ च्या कायद्यातील समन्यायी वाटपाप्रमाणे वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याची वेळ येते. २०१५, २०१८ आणि २०२३ मध्ये असे पाणी सोडले गेले. अशा वर्षी कालव्याच्या आवर्तनावर भरवसा ठेवून केलेली आखणी कोलमडते. मग ‘यंदा राहू दे, पुढच्या वर्षी पाहू’ असे होते आणि पुढचे वर्ष येतच नाही.

तिसरे ठिकाण चांगले वर्ष. याकडे कोणी लक्ष देत नाही. कांद्याला भाव चढला की सुधारणेला ठेवलेल्या दोन एकरांतही कांदा लावण्याचा मोह होतो. चार वर्षांची शिस्त एका हंगामात जाते आणि चोपण जमिनीत कांदाही धड येत नाही.

टिकविण्यासाठी पाच उपाय

१) किमान नेम ठरवावा. वर्ष कितीही वाईट असले तरी जे करायचेच, ते छोटे काम ठरवून ठेवावे. आपल्या उदाहरणात चर साफ करणे आणि निदान अर्ध्या एकरात ढैंचा गाडणे हा किमान नेम होय. याला मोठा पैसा लागत नाही आणि कालव्याचे पाणीही लागत नाही. नेम चालू राहिला की पुढच्या वर्षी उद्दिष्ट नव्याने सुरू करावे लागत नाही.

२) ‘जर-तर’ आधीच लिहावे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिले आहे की, अडचण आली तर नेमके काय करायचे हे आधी ठरविणारे लोक ठरलेले काम अधिक प्रमाणात तडीस नेतात. उदाहरणार्थ, ‘आवर्तन कमी मिळाले, तर या तुकड्यात ऊस नाही’, ‘पैसे कमी पडले, तर जिप्सम अर्ध्याच एकरात, पण पूर्ण मात्रेने’, ‘कांद्याचा भाव चढला, तरी कांदा वरच्या शेतातच’. मोहाच्या वेळी विचार करीत बसण्यापेक्षा शांत डोक्याने लिहिलेले पाळणे सोपे जाते.

३) पैसा आधी बाजूला काढावा. उसाचे बिल खात्यावर आले की त्याच आठवड्यात जमीन सुधारणेचा वाटा वेगळ्या खात्यात ठेवावा. लग्नकार्य, दवाखाना, सोसायटीचे कर्ज हे खर्च होणारच. उरले तर जिप्सम आणू असे म्हटले तर ते कधीच उरत नाही.

४) घरात सर्वांना सांगावे. उद्दिष्ट एकट्याच्या मनात राहिले तर ते एकट्यानेच मोडता येते. पत्नी, मुले, मुली आणि भाऊ यांना जमिनीचा नकाशा काढून दाखवावा. भावांत वाटणी होण्यासारखी असेल तर हे आधी करणे फारच आवश्यक. चर एकाच्या वाट्याला आणि सुधारलेली जमीन दुसऱ्याच्या वाट्याला आली, तर दोघांचेही नुकसान होते. पाणी बाहेर काढण्याची वाट सामाईक राहील असे लिहून ठेवावे.

५) एक सोबती धरावा. सारखीच अडचण असलेला शेजारी किंवा पाहुणा निवडावा. दोघांनी वर्षातून दोनदा एकमेकांच्या शेतात जाऊन वह्या पाहाव्यात. निचऱ्याचा चर तर अनेकदा शेजाऱ्याच्या बांधावरूनच पुढे न्यावा लागतो, त्यामुळे ही सोबत कामाचीही ठरते.

धरून ठेवल्याने काय होते?

आपल्याच जिल्ह्यात याचे दाखले आहेत. १९४५ मध्ये बेलापूर रोड, म्हणजे आजच्या श्रीरामपूर येथे बागाईतदारांची परिषद भरली. तेथे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याचा विचार मांडला. विठ्ठलराव विखे पाटील आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून लहान शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले. प्रवरा कारखान्याची नोंदणी १९४८ च्या अखेरीस झाली आणि गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले. विचारापासून पहिल्या साखरेपर्यंत पाच वर्षे गेली. त्या पाच वर्षांत दाखविण्यासारखे फार थोडे होते. तरीही काम थांबले नाही, म्हणून पुढे कोळपेवाडी आणि सहजानंदनगर येथेही सहकारी कारखाने उभे राहू शकले.

नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे दुसरे उदाहरण. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा गाव दुष्काळाने गांजलेले होते. गावाने पाणलोटाची कामे केली. त्याचबरोबर शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिके घ्यायची नाहीत, असे नियमही केले. पावसानंतर पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्याप्रमाणे पिके ठरवायची, ही रीत पडली. श्री. पवार यांना २०२० चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला तेव्हा या कामाला तीस वर्षे झाली होती. पाणी चांगले झालेल्या वर्षीही नियम सैल न करणे हा या यशातील मोठा भाग आहे.

संशोधकांनाही हीच वाट चालावी लागते. आपण लावतो तो को ८६०३२ हा उसाचा वाण पाहा. को म्हणजे कोईमतूर आणि ८६ म्हणजे १९८६. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातील चाचण्यांनंतर महाराष्ट्रात तो ‘निरा’ या नावाने प्रसारित झाला १९९६ मध्ये. एका बेण्यामागे दहा वर्षांच्या नोंदी आहेत.

इंग्लंडमधील रॉथमस्टेड केंद्राच्या हूसफील्ड या शेतात १८५२ पासून बार्लीचा प्रयोग चालू आहे. त्यातील एका तुकड्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षे शेणखत दिले आणि नंतर बंद केले. खत बंद करून शंभर वर्षे उलटल्यावरही तो तुकडा कधीच खत न दिलेल्या तुकड्यापेक्षा अधिक पीक देत होता. तेथील हवामान थंड आहे. आपल्या उष्ण हवेत सेंद्रिय पदार्थ लवकर जळतो, म्हणून आपल्याला शेणखत आणि हिरवळीचे खत थांबविता येत नाही. पण नेमाने केलेले काम करणाऱ्याच्या आयुष्यापलीकडेही जमीन लक्षात ठेवते, एवढे यावरून निश्चित समजते.

नोंदवही कशी ठेवावी?

शंभर पानी वही पुरेशी आहे. पहिल्या पानावर उद्दिष्ट, गट नंबर, क्षेत्र आणि सुरुवातीची तारीख लिहावी. दुसऱ्या पानावर पहिला माती व पाणी परीक्षण अहवाल चिकटवावा. त्यानंतर प्रत्येक वर्षाला दोन पाने द्यावीत आणि त्यांत पुढील गोष्टी लिहाव्यात.

• किमान नेम पाळला का? तारीख.
• जिप्सम, शेणखत, ढैंचा, पाचट : किती आणि कोठे?
• पाण्याच्या पाळ्या : कालव्याच्या किती, विहिरीच्या किती?
• मोठ्या पावसानंतर वाफसा किती दिवसांनी आला?
• उन्हाळ्यात पांढरा थर किती गुंठ्यांत दिसला?
• खर्च आणि उत्पन्न.

वाफशाचे दिवस आणि पांढऱ्या थराचे गुंठे या दोन नोंदी विशेष महत्त्वाच्या आहेत. प्रयोगशाळेचा आकडा हलण्याआधी येथे फरक दिसू लागतो. तिसऱ्या वर्षी शेजाऱ्याने विचारले तर वही उघडून सांगता येते, ‘आधी आठ दिवस लागत होते, आता सहाव्या दिवशी औत घालता येते.’ उमेद टिकविण्यास एवढे पुरते. माती परीक्षण दर दोन वर्षांनी, त्याच महिन्यात आणि त्याच जागी करावे, म्हणजे आकड्यांची तुलना करता येईल.

उद्दिष्ट केव्हा बदलावे?

चिकाटी म्हणजे हट्ट नव्हे. दोन परीक्षणांत काहीच फरक दिसला नाही तर वाट तपासावी. चर पुरेसे खोल आहेत का? विहिरीचे पाणीच क्षारयुक्त आहे का? असल्यास ते कालव्याच्या पाण्यात मिसळून किंवा आलटून-पालटून द्यावे. उघडा चर पुरत नसेल तर जमिनीखालून सच्छिद्र नळ्या टाकून निचरा करण्याबाबत तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

मात्र एक पथ्य पाळावे. पीक गेले, भाव पडला किंवा भांडण झाले त्या हंगामात उद्दिष्ट सोडण्याचा निर्णय घेऊ नये. वर्षातील एक दिवस, उदाहरणार्थ अक्षय्य तृतीया, फेरविचारासाठी राखून ठेवावा. त्या दिवशी वही समोर ठेवून, घरच्यांच्या देखत काय ते ठरवावे.

थोडक्यात महत्त्वाचे

१) एका वेळी एकच मोठे उद्दिष्ट धरावे आणि क्षेत्र थोडे निवडावे.
२) आपल्या हातात असलेल्या कामावर उद्दिष्ट बांधावे. भाव आणि पाऊस यांवर बांधू नये.
३) दहा वर्षांचे तीन-चार टप्पे पाडावेत.
४) वाईट वर्षासाठी किमान नेम आणि चांगल्या वर्षासाठी मोहाचे ‘जर-तर’ लिहून ठेवावे.
५) वही, वेगळे खाते आणि एक सोबती ही तीन साधने पहिल्या दिवसापासून वापरावीत.
६) फेरविचार ठरलेल्या दिवशीच करावा.

चोपण तुकडा बहुतेक घरांत ‘पडीक’ म्हणून सोडून दिलेला असतो आणि पुढे तोच मुलांच्या वाटणीला येतो. तो कोणत्या अवस्थेत त्यांच्या हाती द्यायचा, हे आजपासूनच्या दहा वर्षांत ठरणार आहे. येत्या उन्हाळ्यात पहिला नमुना घ्यावा आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालावी.